कथील, पॅलेडियम आणि हायड्रोजन : संवेदकविद्येच्या इतिहासातील काही प्रकरणे

पुण्याहून मुंबईकडे जुन्या हमरस्त्याने निघाले म्हणजे दापोडी व फुगेवाडी ओलांडल्यावर कासारवाडी लागते. आज हा भाग पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील एक गजबजलेले उपनगर असून लोहमार्गावर त्याच नावाचे स्थानक आहे. वाफेची व मापनाची उपकरणे बनविणारा फोर्ब्स मार्शलचा कारखाना येथेच आहे. गावाचे नाव मात्र कारखान्यांशी नव्हे, जुन्या धातुव्यवसायाशी नाते सांगते. ‘कासार’ हा शब्द संस्कृत ‘कांस्यकार’ ह्या शब्दापासून आलेला आहे, आणि कांसे म्हणजे तांबे व कथील ह्यांचा मिश्रधातू होय. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की तापलेल्या भांड्यावर नवसागर फिरवून कथील वितळविले म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर हवेच्या संपर्काने एक करडी-पांढुरकी साय धरते. कल्हईवाला ती कापसाच्या बोळ्याने पुसून टाकतो; कारण त्याला चकाकणारे कथील हवे असते, त्याची मळी नको असते. ही मळी म्हणजे मुख्यतः कथिलाचे ऑक्साइड होय. आयुर्वेदातील वंगभस्म हेही बव्हंशी हेच द्रव्य. ज्या हायड्रोजन-संवेदकांचा इतिहास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे, त्यांचा प्राण ह्या टाकाऊ सायीतच आहे.

हायड्रोजन ओळखण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या जलतरण तलावावर क्लोरीन वायूची गळती होऊन काही जणांना रुग्णालयात न्यावे लागले. क्लोरीन घातक खरा. परंतु तो आपल्या उग्र वासाने व डोळ्यांच्या झोंबण्याने स्वतःची वर्दी देतो. हायड्रोजन असे काहीच करीत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि दिवसाच्या प्रकाशात त्याची ज्योतही जवळजवळ दिसत नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी मिश्रण पेट घेऊ शकते. मिथेनच्या बाबतीत हीच मर्यादा ५ ते १५ टक्के एवढी अरुंद आहे. पेट घेण्यास लागणारी ऊर्जाही अवघी ०.०२ मिलिज्यूलच्या आसपास, म्हणजे मिथेनला लागणाऱ्या ऊर्जेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. शिसे-आम्ल विद्युत्‌घट भारित होत असताना त्यांतून हायड्रोजन बाहेर पडतो. ज्या कारखान्यात घटांवर चालणाऱ्या मालवाहू गाड्या आहेत, त्या प्रत्येक कारखान्यातील घट भारित करण्याची खोली ही म्हणूनच ह्या विषयाची सर्वांत जवळची प्रयोगशाळा होय.

ह्या इतिहासाचे दोन प्रवाह आहेत. त्यांपैकी उत्प्रेरक धातूंचा प्रवाह फार जुना आहे. खाणीतील सुरक्षादीपाचे जनक हंफ्री डेव्ही ह्यांना १८१७ साली असे आढळले, की ज्वालाग्राही वायू व हवा ह्यांच्या मिश्रणात तापलेली प्लॅटिनमची तार धरली असता ज्योत नसतानाही ती लालबुंद राहते. १८२३ साली येना येथील डोबेरायनर ह्यांनी हायड्रोजनचा झोत प्लॅटिनमच्या सच्छिद्र स्पंजावर सोडला, आणि तो आपोआप पेटला. ह्या शोधावर आधारलेला दीप पुढे काही दशके युरोपात घरोघर विस्तव पेटविण्यासाठी वापरला गेला. ‘उत्प्रेरण’ ह्या कल्पनेला बर्झेलियस ह्यांनी नाव दिले ते त्यानंतर, १८३५ च्या सुमारास. १८६६ साली टॉमस ग्रॅहॅम ह्यांनी पॅलेडियम हा धातू आपल्या आकारमानाच्या कित्येक शेपट हायड्रोजन पोटात घेतो असे दाखविले. येथे एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे. प्लॅटिनम हायड्रोजनला मुख्यतः पृष्ठभागावर धरतो व त्याच्या रेणूचे अणू करतो. पॅलेडियम हे करतोच, शिवाय ते अणू अंतर्भागात शिरू देतो, आणि त्यायोगे त्याची स्फटिकजालिका फुगते. पुढील काळातील संवेदकांत ह्या दोन धातूंचे वर्तन वेगळे का दिसते, ह्याचे बीज ह्या भेदात आहे.

जाता जाता असेही म्हणावेसे वाटते, की ‘नॅनोकण’ हा शब्द नवा असला तरी वस्तू नवी नाही. डोबेरायनर ह्यांचा स्पंज किंवा रसायनशाळेतील प्लॅटिनमची काळी पूड ह्यांचे सामर्थ्य अतिसूक्ष्म विभागणीतच होते. फॅराडे ह्यांनी १८५७ साली सोन्याचे तांबूस द्राव अभ्यासिले तेव्हा तेही असल्याच कणांशी खेळत होते. अलीकडच्या काळाने आणले ते कण पाहण्याचे व त्यांचा आकार ठरविण्याचे साधन. नव्या नावाखाली जुने काम पुन्हा शोधल्याचे श्रेय घेण्याची प्रवृत्ती आपल्या प्रबंधांतून वारंवार आढळते, म्हणून एवढे लिहिले.

दुसरा प्रवाह ऑक्साइडांचा. अर्धवाहक पदार्थाची विद्युत्‌संवाहकता भोवतालच्या वायूंनी बदलते ही गोष्ट प्रथम उपयोग म्हणून नव्हे, तर उपद्रव म्हणून लक्षात आली. ब्रॅटन व बार्डीन ह्यांनी १९५३ साली जर्मेनियमचे पृष्ठीय गुणधर्म सभोवतालच्या वायूबरोबर पालटतात असे प्रसिद्ध केले. ट्रान्झिस्टर बनविणाऱ्यांना ही डोकेदुखी होती, आणि ट्रान्झिस्टर हवाबंद डबीत ठेवून त्यांनी ती दूर केली. जर्मनीत हायलँड ह्यांनी त्याच दशकात जस्ताच्या ऑक्साइडची संवाहकता हायड्रोजनच्या संपर्काने कशी वाढते ह्याचा अभ्यास केला. परंतु उपद्रवालाच उपकरण करण्याची बुद्धी १९६२ साली जपानात झाली, आणि तीही दोन ठिकाणी. क्यूशू विद्यापीठातील तेत्सुरो सेइयामा व त्यांचे सहकारी ह्यांनी जस्ताच्या ऑक्साइडचा पातळ थर सुमारे ४८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वायूंचे घटक ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी नाओयोशी तागुची ह्यांनी ह्याच तत्त्वावरील आपल्या योजनेचे एकस्व मागितले. पुढे त्यांनी कथिलाच्या ऑक्साइडची निवड केली आणि १९६८ च्या सुमारास त्यांचे संवेदक बाजारात आले. सेइयामा विद्यापीठातील रसायनज्ञ होते. तागुची ह्यांच्यापुढे घरगुती इंधनवायूच्या स्फोटांचा प्रश्न उभा होता. एकाने निबंध लिहिला, दुसऱ्याने स्वयंपाकघरात टांगावयाची पेटी केली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापनाही १९६२ चीच. हा केवळ योगायोग आहे. पण ज्या वर्षी ह्या उपकरणाचा जन्म झाला, त्याच वर्षी त्याची गरज निर्माण करणाऱ्या वसाहतींचा आराखडा आपल्याकडे आखला जाऊ लागला, एवढे त्यावरून कळते.

ह्या संवेदकाचे कार्य समजण्यास कठीण नाही. कथिलाच्या ऑक्साइडच्या जालिकेत ऑक्सिजनची काही स्थाने रिकामी असल्यामुळे त्यात मुक्त इलेक्ट्रॉन असतात. २०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमानास हवेतील ऑक्सिजन पृष्ठभागावर बसतो आणि हे इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. त्यामुळे प्रत्येक कणाच्या सालीलगत इलेक्ट्रॉनांचा तुटवडा पडतो, आणि एका कणातून दुसऱ्या कणात जाणाऱ्या प्रवाहापुढे जणू एक उंबरठा उभा राहतो. हायड्रोजन आला म्हणजे तो ह्या बसलेल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पाणी होतो. पकडलेले इलेक्ट्रॉन सुटतात, उंबरठा खाली येतो, आणि पदार्थाचा रोध घटतो. क्लोरीनसारखा वायू ह्याच्या उलट वागतो, म्हणजे रोध वाढवितो. अडचण ही, की कार्बन मोनॉक्साइड, मद्यार्काची वाफ, स्वयंपाकाचा वायू हे सारे हायड्रोजनप्रमाणेच रोध घटवितात. संवेदकास गळती कळते. गळती कोणाची हे कळत नाही.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते १९६० च्या दशकाच्या मध्यास. खूबियार ह्यांनी १९६४ साली एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. टंग्स्टनचे पिवळे ऑक्साइड हायड्रोजनमध्ये नेहमीच्या तापमानास जसेच्या तसे राहते. परंतु त्यात प्लॅटिनम बसविलेली ॲल्युमिनाची पूड मिसळली तर ते निळे पडते. अर्थात प्लॅटिनमवर हायड्रोजनचे अणू होतात, तेथून ते ओसंडतात आणि शेजारच्या ऑक्साइडच्या कणांत जाऊन पोहोचतात. ह्या घटनेला मराठीत ‘ओसंडणे’ हाच शब्द मला सर्वांत योग्य वाटतो. त्यासाठी अवघड संस्कृत प्रतिशब्द घडविण्याचे कारण नाही. तीनच वर्षांनी, १९६७ साली, शेव्हर ह्यांनी टंग्स्टनच्या ऑक्साइडच्या थरावर प्लॅटिनम चढवून हायड्रोजनचा शोधक तयार केला. उत्प्रेरकाने संवेदनशील केलेल्या ऑक्साइड-संवेदकाच्या परंपरेचा आरंभ येथून धरावा, असे माझे मत आहे. १९७५ साली स्वीडनमधील लुंडस्ट्रॉम व सहकाऱ्यांनी पॅलेडियमचे द्वार असलेला ट्रान्झिस्टर हायड्रोजन ओळखतो असे दाखविले. ती शाखा निराळी असल्याने तिच्या तपशिलात शिरत नाही.

उत्प्रेरकाचा कण ऑक्साइडवर बसून नेमके काय करतो, ह्याविषयी मात्र दीर्घकाळ वाद चालला. क्यूशूचेच नोबोरू यामाझोए ह्यांनी १९८३ साली व त्यानंतर ह्या प्रश्नाची जी मांडणी केली ती आजही पायाभूत मानली जाते. त्यांच्या मते मार्ग दोन आहेत. एक रासायनिक : प्लॅटिनमसारखा धातू हायड्रोजनचे अणू करून ते ऑक्साइडवर ओसंडू देतो, आणि तेथील ऑक्सिजनशी त्यांची क्रिया जलद होते. दुसरा इलेक्ट्रॉनी : पॅलेडियम हवेत ऑक्साइडरूपात असतो व कथिलाच्या ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, हायड्रोजन येताच त्याचे पुन्हा धातूत रूपांतर होते व ओढलेले इलेक्ट्रॉन परत जातात. पहिल्या मार्गात धातूचा कण दलाल असतो. दुसऱ्यात तो सावकार असतो. १९९१ साली यामाझोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. कथिलाच्या ऑक्साइडचे कण सुमारे ६ नॅनोमीटरांहून लहान झाले म्हणजे इलेक्ट्रॉनांचा तुटवडा सालीपुरता न राहता सबंध कणभर पसरतो, आणि प्रतिसाद एकदम वाढतो. ह्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांत कण लहान करण्याची अहमहमिका लागली.

मात्र उत्प्रेरक जितका अधिक तितका संवेदक चांगला, असे होत नाही. धातूचे कण दाट झाले तर ते परस्परांना चिकटतात, प्रवाह त्यांच्यातूनच वाहू लागतो, आणि ऑक्साइड नुसता बघ्या राहतो. शिवाय थराच्या वरच्या भागातच हायड्रोजन जळून गेला तर आतील कणांपर्यंत तो पोहोचतच नाही. थोडक्यात, उत्प्रेरक मिठासारखा घालावा लागतो.

आता पुण्याकडे वळू. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तिचे पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन हे होते. वायू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर बसतो की त्याच्या अंतर्भागात शिरतो, हा भेद प्रयोगात अनेकदा करता येत नाही. म्हणून दोहोंना कवेत घेणारा ‘सॉर्प्शन’ हा शब्द त्यांनी १९०९ साली प्रचारात आणला. तो ज्या निबंधात आणला त्याचा विषय कोळशाकडून होणारे हायड्रोजनचे शोषण हा होता, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. त्यांच्यानंतर १९५२ साली आलेले जॉर्ज इंगल फिंच सामान्य वाचकांस आठवतात ते १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजनची नळकांडी वापरून चढणारे गिर्यारोहक म्हणून. विज्ञानात ते वायूंच्या ज्वलनाचे आणि इलेक्ट्रॉन-विवर्तनाने पृष्ठभाग पाहण्याच्या तंत्राचे जाणकार होते. ह्याच काळात फिंच, ए. पी. बी. सिन्हा व के. पी. सिन्हा ह्यांनी फेराइट-मँगनाइटांच्या स्फटिकांतील विकृतीवर केलेले काम १९५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केले, आणि ऑक्साइडांच्या घनावस्था-रसायनाची परंपरा पाषाणला रुजली.

ह्यावरून पुण्यातील संवेदक-संशोधन हे मॅकबेन व फिंच ह्यांचे थेट वारसदार आहे, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. ह्या दोघांपैकी कोणीही वायुसंवेदक बनविला नाही, आणि मधली चाळीस वर्षे निराळ्याच विषयांनी भरलेली आहेत. इतके मात्र निश्चित, की १९९० च्या दशकाच्या अखेरीस ह्याच प्रयोगशाळेत इम्तियाज मुल्ला, के. विजयमोहनन व त्यांचे सहकारी ह्यांनी कथिलाच्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर रुथेनियम व पॅलेडियम ह्यांची ऑक्साइडे बसवून हायड्रोजनला निवडक प्रतिसाद मिळविण्याचे जे काम केले, त्याला ऑक्साइडांचे संश्लेषण व पृष्ठभागाचे परीक्षण ही दोन्ही कौशल्ये हाताशी असलेले घर मिळाले. दोन धातू एकत्र घातले असता त्यांचा परिणाम बेरजेहून अधिक होतो, हे त्या कामातील लक्षणीय सूत्र. उत्प्रेरक कणांकडे केवळ वेग वाढविणारी भर म्हणून न पाहता, एका वायूस वाट देऊन दुसऱ्यास दारात थांबविणारी योजना म्हणून पाहणे हा त्यामागील विचार आहे.

दुसरे केंद्र अगदी अनपेक्षित ठिकाणी, खानदेशात, उभे राहिले. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात एल. ए. पाटील व त्यांच्या विद्यार्थ्यांनी जाड थरांच्या संवेदकांवर सातत्याने काम केले. ऑक्साइडची लापशी जाळीदार पडद्यातून काचेच्या वा चिनीमातीच्या पट्टीवर छापावयाची, भाजावयाची, आणि मग धातूच्या क्षाराच्या द्रावात ठराविक वेळ बुडवून तिचा पृष्ठभाग बदलावयाचा, अशी ही रीत आहे. निर्वात कक्षांची महागडी साधने नसलेल्या महाविद्यालयास ती परवडणारी होती, आणि बुडविण्याच्या वेळेवरून उत्प्रेरकाचे प्रमाण ठरविता येत असल्यामुळे ती अभ्यासासही सोयीची होती. अमळनेर व हायड्रोजन ह्यांचा संबंध त्याहून जुना आहे. पुढे विप्रो ह्या नावाने प्रसिद्धीस आलेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी डिसेंबर १९४५ मध्ये स्थापन झाली, आणि तिचा वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरलाच होता. वनस्पती तूप म्हणजे निकेल ह्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन जोडून घट्ट केलेले तेल. एकाच गावात उत्प्रेरकाने हायड्रोजन तेलात मुरविला गेला, आणि काही दशकांनी उत्प्रेरक घातलेली वायुसंवेदके अभ्यासिली गेली. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध मला दिसत नाही, पण इतिहासाच्या अभ्यासकाने त्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

ह्या सर्व संशोधनाचे मूल्यमापन करताना एक शंका मनात राहते, आणि ती स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते. आपल्या बहुतेक निबंधांत यशाचे माप म्हणजे प्रतिसादाची मोठी संख्या, आणि तीही दशलक्ष भागांत काही शे भाग, किंवा त्याहूनही कमी, हायड्रोजन असताना. आता हिशेब करून पाहू. हायड्रोजन पेट घेण्याची खालची मर्यादा ४ टक्के, म्हणजे दशलक्षात ४०,००० भाग. मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यास घंटा वाजावी असे ठरविले, तरी तो आकडा ४,००० होतो. ह्या प्रांतात साधा, उत्प्रेरकाचा मणी तापवून चालणारा शोधक बऱ्यापैकी काम करतो; उलट अतिसंवेदनशील ऑक्साइडचा थर येथवर येईतो अनेकदा तृप्त झालेला असतो, आणि मग अधिक वायू व अत्यधिक वायू ह्यांतील फरक त्याला कळत नाही. सूक्ष्म संवेदनशीलतेची गरज नाहीच असे नव्हे. गळतीच्या जागेपासून दूर असताना ती लवकर हेरावयाची झाल्यास, किंवा रुग्णाच्या श्वासातील हायड्रोजन मोजून पचनाचे विकार ओळखावयाचे झाल्यास, ती हवीच. परंतु निबंधाच्या आरंभी कारखान्याच्या सुरक्षिततेचा हवाला द्यावयाचा आणि शेवटी श्वासपरीक्षेस शोभणारे आकडे छापावयाचे, ही रीत सोडली पाहिजे.

दुसरा प्रश्न हवेचा. पाण्याची वाफही ऑक्साइडच्या पृष्ठभागावर बसते आणि रोध बदलते. कोरड्या हवेच्या सिलिंडरवर घेतलेली मापने पुण्याच्या मार्च महिन्यास लागू पडतील. आषाढातील कासारवाडीस पडणार नाहीत. संवेदकाची शून्यरेषा उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना किती सरकते, ह्याचे वर्षभराचे कोष्टक हे एका पदव्युत्तर प्रबंधास पुरेल एवढे काम आहे, आणि ते महागही नाही. आपल्या प्रबंधांत ते क्वचितच आढळते, कारण त्यात नवा पदार्थ नसतो.

हे प्रश्न आता केवळ विद्यालयीन राहिलेले नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी ह्यांनी हायड्रोजनच्या इंधनघटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली, आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजी त्याच सहकार्यातून झालेल्या बसचे पुण्यात उद्‌घाटन झाले. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये मान्यता दिली. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या ज्या पट्ट्यात वाहने व त्यांचे भाग तयार होतात, तेथे हायड्रोजनची नळकांडी, जोड व झडपा ह्यांची वर्दळ वाढणे क्रमप्राप्त आहे. स्वयंपाकाच्या वायूत गंधकयुक्त वासाचे द्रव्य घालून आपण गळतीची सूचना नाकाकडे सोपविली. इंधनघटाच्या हायड्रोजनमध्ये हा उपाय चालत नाही, कारण गंधक घटातील प्लॅटिनमला निकामी करतो. नाकाची जागा येथे संवेदकालाच घ्यावी लागते, आणि हायड्रोजन हलका असल्यामुळे ती जागा छताजवळ, माणसाच्या सहज नजरेबाहेर असते.

मोटारीच्या कारखान्यात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे सिलिकोन. सांधे बुजविणारे लुकण, साच्यातून भाग सोडविणारे तेल, चकाकी देणारी द्रव्ये ह्यांतून सिलिकोनची वाफ निघते. तापलेल्या संवेदकावर ती विघटित होऊन सिलिकाचा पातळ थर मागे ठेवते. उत्प्रेरकाच्या मण्यावर हा थर बसला म्हणजे मणी आंधळा होतो, आणि आंधळ्या मण्याचे वाचन शून्य असते, जे निर्धोक हवेचेही असते. ऑक्साइडच्या बाबतीत मात्र ह्या विषाचाच औषध म्हणून उपयोग झालेला आहे. जपानी संशोधक कात्सुकी व फुकुई ह्यांनी १९९८ साली कथिलाच्या ऑक्साइडवर सिलिकोनच्या वाफेनेच बेताचा सिलिकाथर मुद्दाम चढविला. हायड्रोजनचे चिमुकले रेणू त्या थरातून गाळून आत शिरले. मद्यार्काचे व मिथेनचे रेणू आणि, महत्त्वाचे म्हणजे, बराचसा ऑक्सिजनही बाहेर राहिला. त्यामुळे संवेदक हायड्रोजनपुरता निवडक झाला. प्रयोगशाळेत हा थर घड्याळ लावून चढवितात. चाकणच्या एखाद्या रंगशाळेच्या छताखाली तो वर्षानुवर्षे आपल्या आपण चढत राहतो, आणि तो चाळणीच्या अवस्थेत आहे की झाकणाच्या, हे ज्ञात प्रमाणाचा हायड्रोजन संवेदकावर सोडून पाहिल्यावाचून कळत नाही.